अकरामिनिटे आणि सव्वाबाई

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी अख्ख्या हॉस्पिटलात ते अकरामिनिटे. हे नाव ठेवलं तिसऱ्या मजल्यावरच्या थोरल्या सिस्टरनी, आणि एकदा त्यांनी ठेवलेलं नाव बदलायची हिंमत कुणाची नव्हती. नवीन डॉक्टरांना तर ते खरंच आडनाव वाटायचं. "अकरामिनिट्यांना बोलवा," असं ते अगदी गंभीरपणे सांगत.

नाव पडलं ते तळमजल्यावरच्या मोठ्या मशीनमुळे. कुठला पेशंट कुठल्या खाटेवर, कुणाला कुठलं औषध किती वाजता, कुणाचा रक्तगट कोणता, हे सगळं त्या मशीनच्या पोटात. आठवडाभर चालून ते जड व्हायचं, म्हणून दर बुधवारी दुपारी दोन वाजता ते बंद करून पुन्हा चालू करायचं. सकाळची ओपीडी संपलेली, संध्याकाळची सुरू व्हायची, अशी ती वेळ. बटण दाबल्यापासून मशीन कामाला लागेपर्यंत बरोबर अकरा मिनिटं जात. पहिली पावणेचार मिनिटं ते स्वतःची मेमरी मोजे. मग चार मिनिटं डिस्कच्या पेट्या एकेक करून तपासे. मग दोन मिनिटं नेटवर्कच्या कार्डांची विचारपूस. आणि शेवटच्या सव्वा मिनिटात खरं काम: मशीनच्या सगळ्यात आतला कारभारी, ज्याला या धंद्यात कर्नल म्हणतात, तो जागा होई आणि हॉस्पिटलचा कारभार हातात घेई.

ही अकरा मिनिटं अकरामिनिट्यांच्या राज्याची. सगळे मजले हातातली कामं सोडून बसत. वॉर्डात पुठ्ठ्याचे पॅड आणि औषधांचे छापील तक्ते निघत. फोन वाजू लागे.

"किती वेळ हो?"

"अकरा मिनिटं."

एकच मिनिट उरलेलं असलं तरी ते अकराच सांगत. कमी सांगून आपणच आपला भाव का उतरवायचा? चौथ्या मिनिटाला ते मशीनच्या खोलीला कुलूप लावून जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जात. तिथे सिस्टरांच्या पॅन्ट्रीत त्यांच्यासाठी निळ्या कानाचा एक कप राखून ठेवलेला होता. त्यातून चहा पीत, दोन-चार जणांना डिस्क म्हणजे काय ते समजावून सांगत, आणि दहाव्या मिनिटाला खाली. सव्वीस वर्षं एकही बुधवार चुकला नव्हता.

या माणसाने हे सगळं कमावलं होतं, हे कबूल करायलाच हवं. ते लागले तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये फायलींची गाडी ढकलत. पहिलं मशीन आलं तेव्हा सगळे त्याच्यापासून चार हात लांब. यांनी मात्र विटेएवढं जाड पुस्तक घरी नेलं, शेजारी शब्दकोश ठेवला, आणि एका हिवाळ्यात ते पान न् पान वाचून काढलं. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून उपकारही कुणाचे नव्हते. याचा त्यांना फार अभिमान होता.

एक खोड मात्र जन्माची. हेवा. धाकटा भाऊ झाला तेव्हा पाच वर्षांच्या या दादांनी बाळाकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं होतं, "हा किती दिवस राहणार आहे?" शाळेत त्यांना शेजारच्या मुलाच्या सायकलच्या घंटीचा हेवा वाटे, सायकलचा नाही. लग्न झाल्यावर काही वर्षं बायकोच्या शिलाई मशीनचा वाटला, कारण बाया दारात येऊन तिचं कौतुक करून जात आणि यांच्याकडे कुणी फिरकत नसे. कामावर मात्र ही खोड झोपून होती. त्या खोलीत हेवा करायला दुसरं कुणी होतंच कुठे?

मग ती आली.

निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती. तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली तिशीतली बाई, हातात एक जुनी वही, पायात आवाज न करणारे बूट. काम बघू, मग कायम करू, असं मोठ्या साहेबांनी तिला सांगितलं होतं. तिने पहिल्या दिवशी अकरामिनिट्यांना वाकून नाही पण मनापासून नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, मला सगळं तुमच्याकडून शिकायचंय." हे ऐकून ते इतके खूश झाले की घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

आठव्या बुधवारी ती पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर पडद्यासमोर बसली. मेमरी मोजून होईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "सर, हे मशीन दर आठवड्याला स्वतःची हाडं का मोजतं? गेल्या बुधवारपासून वाढलीत का?"

"तशी पद्धत असते," ते म्हणाले.

"टाळता येतं की."

आणि तिने सांगितलं. कारभारी बदलण्यासाठी घराची वीज तोडायची गरज नाही. जुना कर्नल चालू असतानाच नवा कर्नल मेमरीत लोड करून ठेवायचा. वेळ झाली की हॉस्पिटलचा प्रोग्राम रीतसर बंद करायचा, आणि जुन्याने नव्याच्या हाती किल्ल्या देऊन थेट उडी मारायची. मेमरी मोजणं नाही, पेट्या तपासणं नाही, कार्डांची विचारपूस नाही. फक्त शेवटचं खरं काम. पुढच्या बुधवारी तिने ते करून दाखवलं. सव्वा मिनिट.

अकरामिनिटे तेव्हा कुठे कुलूप हातात घेत होते. मागे वळून पाहिलं तर मशीन चालू. चहा राहिला. फोन एकदाच वाजला, आणि पलीकडून थोरल्या सिस्टर विचारत होत्या, "बंद करताय ना? अजून कसं चालू आहे?"

"झालं करून," ती म्हणाली. रिसीव्हर तिच्या हातात होता.

संध्याकाळपर्यंत तिचं नाव पडलं: सव्वाबाई. त्याच सिस्टरनी ठेवलं. एका जिभेने सव्वीस वर्षांपूर्वी आपल्याला नाव दिलं आणि त्याच जिभेने आता हिला, हे त्यांना फार झोंबलं. त्यातून हे नाव ऐकायलाही बरं वाटत होतं.

त्या रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. बायकोने विचारलं, "पोळी गार झाली. काय झालं?"

"काही नाही. ती नवीन बाई. उगाच घाई करते."

"घाई म्हणजे?"

"अकरा मिनिटांचं काम सव्वा मिनिटात करते."

बायको हसू दाबत म्हणाली, "मग ही घाई म्हणायची की हुशारी?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"मला तुमच्यातलं कळतं," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

आता मोठ्या साहेबांनी बैठक घेतली. प्रश्न एकच: नवा कर्नल लोड करायचा कधी? सव्वाबाईचं म्हणणं, सकाळी नऊला. "तेव्हा मेमरीत सलग मोकळी जागा असते. दुपारपर्यंत पसारा होतो. ऐन वेळी लोड करायला गेलो आणि जागाच मिळाली नाही, तर काय करणार? सकाळी करून ठेवलं की दुपारी निवांत उडी."

साहेब अकरामिनिट्यांकडे वळले. "तुमचं काय मत?"

ते काय बोलणार होते, ते सांगायला हवं. मागच्या शनिवारी-रविवारी त्यांनी घरात दार लावून या विषयावर सापडेल ते सगळं वाचलं होतं. हेव्याने माणूस किती अभ्यासू होतो बघा! सव्वाबाईने वाचलं नसेल इतकं यांनी दोन दिवसांत वाचलं. आणि त्यांना त्यातलं भोक दिसलं होतं. नऊ वाजता लोड केलेला कर्नल म्हणजे नऊ वाजता काढलेली झेरॉक्स. मधल्या पाच तासांत मूळ कागद बदलला तरी झेरॉक्सला त्याचा पत्ता नसतो. आणि मूळ कागद बदलायचा एक दिवस ठरलेला होता. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी बारा वाजता मशीनचे अपडेट घालणं हे काम अकरामिनिट्यांचंच. त्यासाठी सोळा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनने ओळीने पाळायच्या हुकमांची यादी, लिहिली होती. डिस्कचा कर्नलसाठी राखलेला कप्पा तेव्हा इतका लहान होता की दोन कर्नल धड मावत नसत. म्हणून त्यांची स्क्रिप्ट नवा कर्नल घालून झाला की जुना, त्याच्या सगळ्या सामानासकट, पुसून टाकी. सामान म्हणजे नेटवर्कची कार्डं चालवायचे तुकडे वगैरे. दोन वाजता मशीन डिस्कवरून नव्यानेच सुरू व्हायचं, त्यामुळे जुन्याची कधी कुणाला आठवणही आली नाही. जगात हे एकाच माणसाला माहीत होतं.

म्हणजे पहिल्या बुधवारी काय होणार? नऊला लोड झालेली झेरॉक्स, म्हणजे जुनाच कर्नल, दोनला जागा होणार आणि आपलं सामान शोधायला जाणार, तर घर रिकामं. मशीन उठेल, पण कुणाशी बोलू शकणार नाही.

हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. मग त्यांनी सव्वाबाईकडे पाहिलं. ती पेन उघडून, वहीत लिहून घ्यायच्या तयारीत बसली होती, जणू त्यांच्या तोंडून निघेल तो शब्द सोन्याचा. आणि साहेब पाहत होते ते तिच्याकडे.

"मॅडमना योग्य वाटेल तसं," अकरामिनिटे म्हणाले.

वाईट चिंतणाऱ्या माणसाला याहून सभ्य वाक्य सापडत नाही. भिंतीवर कागद लागला. 'बुधवार. ९ ला लोड. २ ला उडी.' खाली दोघांच्या सह्या.

तीन बुधवार सुरळीत गेले. वॉर्डातले पुठ्ठ्याचे पॅड कपाटात गेले, मग कपाटाच्या वरच्या फळीवर, मग कुठे गेले कुणालाच माहीत नाही. छापील तक्ते मागवणं बंद झालं. सव्वा मिनिटासाठी कोण कागद काढतंय? तळमजल्यावरचा फोन दुपारी वाजेनासा झाला. अकरामिनिटे त्या वेळी खोलीत उभे राहून काय करावं ते न कळून पंख्याचा वेग बदलत बसत. लोक जिन्यात सव्वाबाईला थांबवून म्हणत, "काय कमाल केलीत हो!" आणि तिच्या मागोमाग हे येत असले तर त्यांना नुसतं म्हणत, "नमस्कार." त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. रात्री उशीवर डोकं टेकलं की ते पहिल्या बुधवारला किती दिवस राहिले ते मोजत.

तो बुधवार उजाडला. त्याच आठवड्यात सव्वाबाईचे तीन महिने पुरे होत होते. दोन वाजता मोठे साहेब स्वतः खाली येऊन उडी बघणार, आणि मग तिला कायम करायच्या कागदावर सही करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने नऊला कर्नल लोड केला आणि कागदावर बरोबरची खूण केली.

बारा वाजता अकरामिनिट्यांनी अपडेट घातले. पडद्यावर त्यांच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ आली: जुना काढला. ते त्या ओळीकडे बराच वेळ पाहत बसले. सव्वाबाई पलीकडच्या टेबलावर होती. तिने मान वर करून विचारलं, "झाले का अपडेट, सर?"

"झाले."

"म्हणजे नवा कर्नल पुढच्या बुधवारी लागेल. आजचा दिवस जुन्यावरच काढू, काय बिघडतंय?"

आता बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम. 'जुन्याचं सामान पुसलंय, पुन्हा लोड करा.' पाच मिनिटांत सगळं मार्गी लागलं असतं.

"काय बिघडणार," ते म्हणाले.

एक वाजला. मग दीड. हेवेखोर असले तरी माणूस दुष्ट नव्हता. मशीन मुकं झालं तर मग वीज तोडूनच ते उठवावं लागेल, आणि त्याला लागतील तीच जुनी अकरा मिनिटं. सव्वीस वर्षं त्या अकरा मिनिटांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं हे खरं, पण तेव्हा सगळे तयारीत असत, कागद हाताशी असे. आज कुणाकडे काही नाही, हे त्यांना पावणेदोनला एकदम लख्ख दिसलं. ते उठले. सव्वाबाई टेबलावर नव्हती. कुणीतरी म्हणालं, वर गेली, सिस्टरनी बोलावलंय.

ते जिने चढले. दुसऱ्या मजल्यावर धाप लागली तरी थांबले नाहीत. वाक्य तोंडात तयार होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीचं दार उघडं होतं, आत सव्वाबाई उभी होती, आणि थोरल्या सिस्टर तिला म्हणत होत्या, "पी गं निवांत. आज तुझा दिवस आहे."

तिच्या हातात निळ्या कानाचा कप होता.

अकरामिनिटे दारातून मागे फिरले. जिन्यात कठडा धरून उभे राहिले. पन्नाशी ओलांडलेला, नातवाची वाट बघणारा माणूस, आणि एका कपासाठी डोळ्यांत पाणी. होऊ दे, ते मनात म्हणाले. होऊ दे एकदाचं.

दोन वाजता खोलीत साहेब होते, थोरल्या सिस्टर होत्या, सव्वाबाई होती, आणि कोपऱ्यात हे. तिने हॉस्पिटलचा प्रोग्राम बंद केला, उडी मारली. ओळी सरसर वर गेल्या. सव्वा मिनिट झालं. साहेब टाळी वाजवायच्या बेतात होते.

फोन वाजला. मग दुसरा. मग सिस्टरांच्या खिशातला मोबाइल.

"वर काहीच दिसत नाहीये," सिस्टर म्हणाल्या.

सव्वाबाईने दोनदा, तीनदा काहीतरी करून पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "नेटवर्कचं कार्ड उठत नाहीये. त्याचं सामानच नाही इथे." तिने मागे वळून पाहिलं. "सर?"

"वीज तोडून पुन्हा चालू करावं लागेल," अकरामिनिटे म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच फार भारदस्त वाटला.

"किती वेळ?" साहेबांनी विचारलं.

या प्रश्नाची ते किती आठवडे वाट पाहत होते! "अकरा मिनिटं."

पहिली तीन मिनिटं, खोटं कशाला बोला, ती त्यांच्या आयुष्यातली सुखाची होती. सगळे फोन त्यांच्याच हातात. मजल्यामजल्यावरून एकच प्रश्न आणि त्यांचं एकच उत्तर. सव्वाबाई वही उघडून त्यांच्या शेजारी बसली. "आता काय करतंय, सर?" ते सांगत गेले, मेमरीच्या कुठल्या पट्टीपाशी ते थबकतं, कुठली पेटी उशिरा ओ देते. ती लिहून घेत होती. डोळ्यांतलं पाणी वहीवर पडलं की मनगटाने पुसत होती आणि पुन्हा लिहीत होती. ते पाहून त्यांचा आवाज हळूहळू उतरला.

सिस्टर केव्हाच वर पळाल्या होत्या. कुणीतरी रक्तपेढीकडे पळत गेलं, कारण ऑपरेशन थिएटरला एकाचा रक्तगट हवा होता आणि तो पडद्यावर नव्हता. पळत जाऊन, नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून, पळत परत. अकराव्या मिनिटाला मशीन बोलू लागलं.

साडेतीनला साहेबांच्या खोलीत सगळे उभे होते. सिस्टरही आल्या. त्यांनी आधी सांगितलं, "माझ्या वॉर्डात चौदा खाटा. कागद नव्हता. तेरा जणांची दोनची औषधं मी आठवणीवर दिली. चौदाव्याची दिली नाही, कारण आठवेना. तो 'सिस्टर, माझी गोळी?' असं विचारत होता आणि मी त्याला नुसतं 'थांबा' म्हणत होते. एकतीस वर्षांत मला कधी असं झालं नाही." त्या कुणाकडेही बघत नव्हत्या.

"कुणाची चूक?" साहेबांनी विचारलं. पुढ्यात सहीचा कागद होता, पेनला टोपण लावलेलं होतं.

"माझी," सव्वाबाई म्हणाली. "बाराला अपडेट झाल्यावर मी पुन्हा लोड करायला हवं होतं. जुन्याचं सामान जागेवर आहे असं मी धरून चालले; ते अपडेटच्या स्क्रिप्टने पुसलं होतं. तपासलं नाही."

अकरामिनिटे खाली बघत होते. म्हणजे झालं. त्यांनी काही बोलायची गरजच नव्हती. मूग गिळून आणखी दोन मिनिटं उभं राहायचं, की ही बाई आपल्या पायांनी चालत बाहेर जाणार आणि बुधवार पुन्हा यांचा.

"पण स्क्रिप्ट तर यांची," साहेब म्हणाले आणि अकरामिनिट्यांकडे वळले. "तुमच्या लक्षात कसं आलं नाही हो?"

ते काही बोलायच्या आत सव्वाबाईच बोलली. मनापासून, त्यांना सांभाळून घेत.

"सरांना कसं कळणार, साहेब? ही पद्धत त्यांना नवीन आहे. त्यांना हे माहीत असायची अपेक्षाच नव्हती."

अकरामिनिट्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. माहीत नव्हतं? त्यांना? विटेएवढं पुस्तक शब्दकोश लावून वाचणाऱ्या माणसाला, दोन दिवस दार लावून अभ्यास केलेल्याला, ही कालची बाई दया दाखवून अडाणी ठरवते?

"मला नवीन?" ते ओरडले. "बैठकीच्या दिवसापासून माहीत होतं मला! नऊला लोड केलेला बाराला शिळा होतो. अपडेटनंतर, बंद करायच्या अगदी आधी लोड करायचा. जागा मिळाली नाही, तर आठवडाभर थांबायचं किंवा सरळ अकरा मिनिटं घ्यायची. कागद लागला त्याच दिवशी मला दिसलं होतं, हे आज असंच होणार म्हणून!"

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना तो ऐकू आला.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सव्वाबाईने वही मिटली. थोरल्या सिस्टरनी मात्र आता त्यांच्याकडे पाहिलं, नीट, पहिल्यांदा पाहावं तसं, आणि निघून गेल्या.

घरी बायको शिलाई मशीनवर बसली होती. त्यांनी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, कपासकट. तिने चाक हाताने थांबवलं.

"खरं बोललात, ते चांगलं झालं," ती म्हणाली. "पण खरं बोलायला तुम्हाला अपमान लागला. नुसती त्या चौदाव्या माणसाची काळजी पुरली नाही."

त्या रात्री उशीवर डोकं टेकल्यावर त्यांनी दिवस मोजले नाहीत.

सव्वाबाई कायम झाली. अकरामिनिट्यांना लेखी ताकीद मिळाली. त्यांना वाटलं होतं की पुन्हा रेकॉर्ड रूममध्ये धाडतील, पण साहेबांनी तसं केलं नाही. निळ्या कानाचा कप दुसऱ्याच दिवशी खाली आला, स्वच्छ धुतलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सोबत चिठ्ठी नव्हती. तो त्यांनी मशीनच्या खोलीत फळीवर ठेवला. वर चहाला बोलावणं आलं नाही. वॉर्डात पुठ्ठ्याचे पॅड मात्र पुन्हा निघाले, आणि सिस्टरनी ते भिंतीला खिळ्याने लटकवले.

पुढच्या बुधवारी ते आले तर भिंतीवर नवा कागद. अक्षर सव्वाबाईचं.

'१:४५ सरांना विचारणे. १:५० स्वतः तपासणे. १:५५ लोड. २:०० उडी.'

त्यांनी तो तीनदा वाचला. पाऊण वाजल्यापासून त्यांचं घड्याळाकडे लक्ष होतं. पावणेदोनला ती टेबलापाशी येऊन उभी राहिली, वही उघडून.

"सर, सकाळपासून मशीनमध्ये काही बदललंय?"

"हे विचारायचं असं तू कागदावर का घातलंस?" पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तिच्यासाठी 'तू' निघालं.

"कारण तुम्हाला माहीत असतं."

"आणि खाली स्वतः तपासणे?"

"कारण तुम्ही सांगत नाही." ती शांतपणे म्हणाली. "माझा राग गेलेला नाही, सर. पण काम रागावर थांबवता येत नाही."

हे तिला सुचलं, आपल्याला नाही, याचाही त्यांना हेवा वाटला. तिच्या जागी आपण असतो तर कागदावरून त्या माणसाचं नाव खोडून काढलं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. हिला मोठेपणही सव्वा मिनिटात जमतं, आणि आपल्याला अजून मेमरीच मोजायची आहे.

"बदललंय," ते म्हणाले. "माझी स्क्रिप्ट. आता ती जुना पुसत नाही. कप्पा मी सोमवारी मोठा केला. यापुढे दोन्ही राहतील."

तिने लिहून घेतलं. "मी विचारलं नसतं तर सांगितलं असतंत?"

"बहुतेक," ते म्हणाले. खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

ती पहिल्यांदा थोडी हसली. मग खाली बसून सगळं स्वतः तपासलं, ओळ न् ओळ. दोनला पाच कमी असताना तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"लोड कर," ते म्हणाले.

दोन वाजता तिने उडी मारली. ते सवयीने फोनपाशी गेले आणि रिसीव्हरवर हात ठेवला. वरून कुणी विचारलं तर आज 'सव्वा मिनिट' असं सांगायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. ओळी सरसर वर गेल्या, मशीन उठलं, नेटवर्क उठलं, वरच्या मजल्यांवर कामं सुरू झाली. सव्वा मिनिटात कोण कशाला फोन करतंय.

"झालं, सर," ती म्हणाली.

"हो, दिसतंय," ते म्हणाले, आणि तरीही थोडा वेळ तसेच उभे राहिले, रिसीव्हरवर हात ठेवून.